गाण्याचा सातबारा : अरेथा फ्रँकलिन आणि ‘रिस्पेक्ट’

‘रिस्पेक्ट’ हे गाणं ओटिस रेडिंगने लिहिलं, त्यानेच ते प्रथम गायलं आणि १९६५ मध्ये ‘ओटिस ब्लू’ या अल्बममधून लोकांसमोर आणलं. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते ३५व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने तेच गाणं गायलं आणि जून १९६७ मध्ये ते दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. आज जगभर हे गाणं तिच्याच नावाने ओळखलं जातं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने ते आपलं मानलं, स्त्रीमुक्तीच्या चळवळीनेही आपलं मानलं. मात्र अमेरिकेतलं एखादं रेडिओ केंद्र अरेथाच्या आवाजातलं ‘रिस्पेक्ट’ वाजवतं, तेव्हा त्याचं मानधन गाणं रचणाऱ्याच्या आणि त्याच्या प्रकाशकाच्या खात्यात जातं. गायिकेला त्यातून काहीही मिळत नाही. ही कुणी केलेली चोरी नाही. कायदाच तसा आहे.

अरेथावर लिहिणारे हा तपशील बहुधा तळटीपेत टाकतात. मला तो तिच्या कारकिर्दीच्या मध्यभागी दिसतो. गायिका जे करते ते दुसऱ्याच्या रचनेचं सादरीकरण असतं, की ती स्वतःच एक निर्मिती असते? या प्रश्नाचं उत्तर कायद्याने एका प्रकारे दिलं आहे. इतिहासकारांनी नकळत त्याचीच री ओढली आहे. मी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. नोकरी सांभाळून तीसेक वर्षं ही गाणी ऐकत, चरित्रं आणि तबकड्यांच्या वेष्टनावरचा मजकूर वाचत आले आहे. त्या ऐकण्यातून माझं मत बनलं आहे की हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे अरेथाच्या गाण्यातच ऐकू येतं.

दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकून पाहावीत. ओटिसचं गाणं म्हणजे दिवसभर राबून घरी आलेल्या पुरुषाची मागणी आहे. पैसा मी आणतो, माझ्यामागे तू काहीही कर, पण मी उंबऱ्यात आलो की मला मान दे, असा त्याचा सूर. त्यात आर्जव आहे, घाई आहे आणि थोडी अगतिकताही आहे. ढोल आणि पितळी वाद्यं त्याला मागून रेटत राहतात. गाणं उत्तम आहे, यात शंका नाही.

अरेथाने शब्दांत मोजकेच फेरफार केले, पण बोलणारी व्यक्तीच बदलली. तिची बाई एकनिष्ठ आहे, तिच्याकडे स्वतःचा पैसा आहे आणि ती विनवणी करत नाही. मूळ रचनेत नसलेल्या चार गोष्टी या गाण्यात आल्या. पहिली, शीर्षकातल्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हणणं. वाद्यं थबकतात, आणि न समजणाऱ्याला बाईंनी फळ्यावर लिहून दाखवावं तशी ती अक्षरं येतात. आज कुणालाही हे गाणं आठवतं ते तिथूनच. दुसरी, कॅरोलिन आणि अर्मा या तिच्या बहिणींचा कोरस. ओटिसचा पुरुष एकटा होता. इथे प्रत्येक वाक्याला मागून दुजोरा मिळतो, टोमणे येतात, आग्रह होतो. एका बाईचं गाऱ्हाणं बघता बघता साऱ्या आळीचं होतं. तिसरी, मधला सॅक्सोफोनचा तुकडा. किंग कर्टिसने वाजवलेल्या या तुकड्याखालची स्वरसंगती सॅम आणि डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यातून उचललेली होती, आणि ती मूळ सुरावटीपासून बरीच लांब जाते. तिथून परत आल्यावर गाणं दुप्पट जोराने आदळतं. चौथी गोष्ट म्हणजे अरेथाचा पियानो. त्याच्यावर पुढे येतेच.

यातला सॅक्सोफोनचा तुकडा स्टुडिओतल्या मंडळींचा, पण अक्षरं, कोरस आणि अडखळत पुढे सरकणारी लय घेऊनच या बहिणी आल्या होत्या. निर्माता जेरी वेक्सलरनेही त्याचं श्रेय अरेथा आणि कॅरोलिनलाच दिलं आहे. तरीही रचनाकार म्हणून नाव एकट्या ओटिसचं, आणि प्रचलित नियमानुसार ते बरोबरच आहे.

आपल्याकडच्या सातबाऱ्यात सात नंबर मालकीचा असतो आणि बारा नंबर पिकाचा, म्हणजे जमीन कसणाऱ्याचा. अमेरिकेतल्या रेडिओने गाण्याचा फक्त सात नंबर पाहिला. बारा नंबर कोराच राहिला. ओटिसला दोष देण्याचं मात्र कारण नाही. जून १९६७ मध्ये माँटेरेच्या महोत्सवात त्याने हे गाणं गाताना, एका मुलीने ते माझ्याकडून पळवलं, अशी खेळकर कबुली दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला विमान अपघातात तो गेला, तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता. स्टॅक्स या ज्या छोट्या कंपनीसाठी तो गात असे, तिच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी १९६५च्या करारातल्या एका कलमाने अटलांटिक कंपनीकडे गेलेली होती. मालकांना त्याचा पत्ता लागला तो फार उशिरा. त्या धंद्यात कागद न वाचणारे सगळेच नाडले जात होते.

शोध लावणारे पुरुष

आता इतिहासकारांकडे वळू. अरेथाची कथा साधारण अशी सांगितली जाते : १९६० मध्ये जॉन हॅमंडने तिला कोलंबिया कंपनीत आणलं, पण सहा वर्षं तिथे तिचं काय करावं हे कुणाला उमगलं नाही. जॅझ, ब्रॉडवेची गाणी, तंतुवाद्यांनी गोड केलेली प्रेमगीतं असं सगळं तिच्याकडून गाऊन घेण्यात आलं. मग अटलांटिकच्या वेक्सलरने तिला अलाबामातल्या मसल शोल्स गावी नेलं, पियानोवर बसवलं आणि तिच्यातला चर्चचा आवाज मोकळा केला. वेक्सलर हा मोठ्या कानाचा निर्माता होता आणि त्याच्या आत्मचरित्रात ही हकीकत रंगतदार उतरली आहे. ती खोटी नाही. पण तिच्यात प्रत्येक क्रियापदाचा कर्ता पुरुष आहे. कुणीतरी आणलं, कुणीतरी नेलं, कुणीतरी बसवलं.

त्या कथेत न मावणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. कोलंबियाचा १९६१चा पहिलाच अल्बम घ्या. त्यात ‘वोन्ट बी लाँग’ हे गाणं आहे आणि त्यात पियानो अरेथाच वाजवते. अठरा वर्षांच्या मुलीचा हात आणि गळा दोन्ही चर्चमधून थेट आल्याचं पहिल्या काही क्षणांतच कळतं. त्याच अल्बममधलं ‘टुडे आय सिंग द ब्लूज’ तिने पुढे अटलांटिकसाठी ‘सोल ६९’ मध्ये पुन्हा गायलं. दोन्ही ऐकली तर दुसऱ्यात जाण आणि भरणा अधिक आहे, पण गायकी तीच आहे. मोकळं करायला आत कुणी कोंडलेलं नव्हतं. ती डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमध्ये वाढली होती. तिथले पाद्री, तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन, यांच्या प्रवचनांच्या तबकड्या देशभर खपत. क्लारा वॉर्ड, महालिया जॅक्सन, जेम्स क्लीव्हलंड यांची घरात ये-जा असे. तालीम म्हणतात ती तिला घरातच मिळाली होती.

मग २४ जानेवारी १९६७ला मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत घडलं काय? रॉनी शॅननने रचलेलं ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन’ तिथे मुद्रित झालं. स्पूनर ओल्डहॅमला विजेच्या पियानोवर एक रेंगाळणारी छोटी सुरावट सापडली, अरेथाने आपल्या पियानोवर ती उचलली आणि वादक त्यांच्याभोवती गोळा झाले. वादक बहुतेक गोरे, दक्षिणेतले. त्या काळी, त्या राज्यात, एका कृष्णवर्णीय बाईच्या हाताकडे बघून ते आपला ठेका ठरवत होते. संध्याकाळी दारू, भांडण आणि तिचा नवरा टेड व्हाइट यांच्यामुळे सगळं विस्कटलं आणि उरलेलं काम न्यू यॉर्कला हलवावं लागलं. ‘रिस्पेक्ट’ तिथेच १४ फेब्रुवारीला मुद्रित झालं.

माझ्या मते कोलंबिया आणि अटलांटिक यांच्यातला खरा फरक इथे आहे. कोलंबियात बहुधा अगोदर वाद्यमेळाची मांडणी लिहिली जाई आणि गायिका तिच्यात येऊन बसे. अटलांटिकमध्ये पियानोवरची अरेथा अगोदर आणि मांडणी तिच्यामागून. जो पियानोवर बसतो तो लय ठरवतो, स्वर ठरवतो, कुठे थांबायचं तेही ठरवतो. वेक्सलरचं मोठेपण त्याने तिला घडवलं यात नाही. बाजूला कधी सरायचं हे त्याला कळलं, यात आहे.

आपल्या वाचकाला हे समजणं खरं तर सोपं जावं. बंदिश एकच असते, पण दोन घराण्यांचे गायक ती गातात तेव्हा ऐकणारा बंदिशकाराच्या नावाने दाद देत नाही. जागा, बढत, उपज हे सगळे शब्द आपण गायकाच्या निर्मितीसाठीच घडवले आहेत. सोल आणि ख्याल एकच, असं मला म्हणायचं नाही. सोल हे गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांच्या संगमातलं, तीन मिनिटांच्या तबकडीत बसणारं संगीत. पण गाणं गाताना घडतं, कागदावर ते अर्धंच असतं, हे सत्य दोन्हीकडे सारखं आहे. चित्रपटसंगीतात मात्र आपणही हे विसरलो होतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी गायकासाठी रॉयल्टीचा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं, आणि दोघांची युगुलगीतं काही वर्षं थांबली. गायकाचा तो हक्क आपल्या कायद्यात स्पष्टपणे यायला २०१२ची दुरुस्ती उजाडावी लागली.

शब्द जुने, चाल जुनी

गायिका रचनाकार नसते, या म्हणण्याची खरी परीक्षा घ्यायची तर ‘अमेझिंग ग्रेस’ ऐकावं. १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्चमध्ये, जेम्स क्लीव्हलंड आणि सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर यांच्यासह अरेथा गायली. शीर्षकगीताचे शब्द अठराव्या शतकातल्या जॉन न्यूटनचे. एके काळी तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही, चालीवरही नाही. अरेथा ते दहा मिनिटांहून अधिक वेळ गाते. एकेका शब्दावर थांबते, त्याला उलटंपालटं करते, कॉयरमधले लोक उठून उभे राहतात. गुलामांच्या कप्तानाचे शब्द गुलामांच्या वंशजांसमोर त्यांचीच पणती गात असते. इथून गायिका वजा केली तर बाकी काय राहतं? शाळेच्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं एक पान. आणि तिच्या सगळ्या अल्बममध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हाच आहे.

त्या रात्रींचं चित्रीकरण सिडनी पोलॅक या दिग्दर्शकाने केलं होतं, पण क्लॅपबोर्ड न वापरल्यामुळे चित्र आणि ध्वनी जुळेनात. फिल्म कित्येक वर्षं डब्यात पडून राहिली. पुढे तंत्र आलं, अॅलन एलियटने ती जुळवली, आणि अरेथा कोर्टात गेली. २०१५ मध्ये टेल्युराइड महोत्सवातलं प्रदर्शन कोर्टाने तिच्या अर्जावरून थांबवलं. यावर बरंच लिहून आलं आणि त्यात लहरी, हट्टी बाई असा सूर अनेकदा होता. कार्यक्रमाआधी मानधन रोख घ्यायची आणि ती पर्स मंचावर नजरेसमोर ठेवायची तिची सवयही अशीच थट्टेने सांगितली जाते. आधीच्या पिढीतल्या कृष्णवर्णीय कलाकारांची किती फसवणूक झाली हे जिने जवळून पाहिलं, तिने पर्स कुणाच्या हवाली करावी?

तिच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, कुटुंबाच्या संमतीने तो चित्रपट दाखवला गेला. मी तो पाहिला आहे, एकदा नव्हे, अनेकदा. तो नसता तर माझ्यासारखीला हे गाणं अर्धंच कळलं असतं. पण जिच्या आयुष्यभराचा आग्रह ‘मला विचारा’ हा होता, तिचा नकार तिच्या पश्चातच ओलांडता आला, हेही त्या आनंदासोबत लक्षात ठेवावं लागतं. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

उरला हिशेब. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं कॉपीराइट मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या मुद्रणांना. चर्चमधल्या त्या दोन रात्री या तारखेच्या महिनाभर आधीच्या, आणि ‘रिस्पेक्ट’ तर पाच वर्षं आधीचं. १९९५ मध्ये डिजिटल प्रसारणासाठी गायकाचा हक्क मान्य झाला. पुढे उपग्रह आणि इंटरनेट रेडिओच्या मानधनातला ४५ टक्के वाटा मुख्य कलाकारासाठी ठरला, पण जुनी मुद्रणं या केंद्रीय कायद्याबाहेरच राहिली. त्यांना आत घेणारा म्युझिक मॉडर्नायझेशन अॅक्ट ११ ऑक्टोबर २०१८ला मंजूर झाला. अरेथा फ्रँकलिन त्याच वर्षी १६ ऑगस्टला डेट्रॉइटमध्ये वारली होती.

साध्या, अँटेनावरच्या रेडिओला मात्र अजूनही गायकाला काही द्यावं लागत नाही. प्रसारकांचा युक्तिवाद असा की रेडिओ म्हणजे गायकाची फुकट जाहिरात. नव्या गायकाबाबत त्यात थोडं तथ्य असेलही. पण जे गाणं पन्नासहून अधिक वर्षं लोकांना पाठ आहे, त्याची जाहिरात आता कोण कुणासाठी करतं? ते गाणं लागलं की श्रोता केंद्र बदलत नाही, आणि त्याच्या पुढच्या जाहिरातीचे पैसे केंद्राला मिळतात. त्या पैशांतला गायिकेचा वाटा मागणारी विधेयकं अमेरिकी संसदेत पुन्हा पुन्हा मांडली गेली आहेत. हे लिहीपर्यंत त्यांतलं एकही मंजूर झालेलं नाही.