एका गुणाला किती डॉलर? एक अहवाल वाचताना माझी झालेली चूक

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न बऱ्याचदा येतो: "तुम्ही वाचलेल्या एखाद्या अभ्यासातल्या त्रुटी सांगा." बहुतेक जण "नमुना लहान होता" एवढं बोलून थांबतात. मीही तेच केलं होतं. आज ज्या अहवालाबद्दल लिहितेय त्याचा नमुना ९० हजारांहून मोठा आहे. तरी त्यातला आकडा मी चुकीचा वापरला, आणि तोही कुणाच्या तरी घरखरेदीसाठी.

झालं असं. माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या गावात राहतो. त्याला घर घ्यायचं होतं. दोन घरं पसंत पडली होती. एक गावाच्या डाउनटाउनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या पेठेसारख्या जुन्या बाजारभागात. शंभर वर्षांचं लाकडी घर, अंगण छोटं, पण कॉफीचं दुकान, वाचनालय, पोस्ट, सगळं चालत दहा मिनिटांवर. दुसरं गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, मोठं, पण दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागणार. डाउनटाउनचं घर ४० हजार डॉलरनी महाग. दादाचा मेसेज आला, "अगं, तू संख्याशास्त्रवाली ना? हे ४० हजार वसूल होतील का, सांग."

मी तो अहवाल नुसता चाळला होता. जाहिरातीत दोन्ही घरांचे 'वॉक स्कोअर' होते: ८२ आणि १७. फरक ६५ गुणांचा. अहवाल म्हणतो, एका गुणामागे घराची किंमत ७०० ते ३,००० डॉलरनी वाढते. तळातला आकडा धरला तरी ६५ गुणिले ७०० म्हणजे ४५,५००. मी लगेच कळवलं, "घे. फायद्यातच आहेस."

रात्री झोप येईना म्हणून पूर्ण अहवाल उघडला. आणि मग सकाळी दादाला फोन करून सांगावं लागलं की माझं गणित रद्द समज.

अहवाल काय सांगतो

अहवालाचं नाव 'वॉकिंग द वॉक'. अर्थतज्ज्ञ जो कोर्टराइट यांनी तो २००९ मध्ये 'सीईओज फॉर सिटीज' या संस्थेसाठी लिहिला. अमेरिकेतल्या १५ बाजारपेठांमधले ९० हजारांहून जास्त घरांचे व्यवहार घेतले. प्रत्येक घराचा वॉक स्कोअर काढला. हा ० ते १०० असा गुणांक आहे. दुकानं, शाळा, बागा, उपाहारगृहं जितकी जवळ, तितके गुण जास्त. मग घराचं क्षेत्रफळ, खोल्या, वय, परिसराचं उत्पन्न, शहराच्या केंद्रापासूनचं अंतर, नोकऱ्यांची जवळीक हे सगळं स्थिर धरून गुणांचा किमतीशी संबंध तपासला. १५ पैकी १३ ठिकाणी संबंध धन निघाला. लास व्हेगासमध्ये उलटा निघाला, आणि बेकर्सफील्डमध्ये ठोस काही सापडलं नाही.

या पद्धतीला हेडॉनिक किंमत-विश्लेषण म्हणतात. शर्विन रोझेन यांच्या १९७४ च्या शोधनिबंधाने तिला सैद्धांतिक पाया दिला. कल्पना सोपी आहे. घर म्हणजे गुणधर्मांचं गाठोडं. गाठोड्याची किंमत माहीत असते, आतल्या एकेका वस्तूची नसते. हजारो गाठोडी एकमेकांशी ताडून ती काढायची.

हे काम चांगलं आहे, हे आधी मान्य करू. "चालता येणारे भाग लोकांना आवडतात" हे तोपर्यंत नगररचनाकारांचं मत म्हणून सोडून देता येत होतं. इथे त्याला व्यवहारांचा आधार मिळाला. आणि लास व्हेगाससारखा नकोसा निष्कर्ष लपवलेला नाही. टीका करताना हे आधी लिहायला शिका. पुढचे आक्षेपही बरेचसे अहवालापेक्षा माझ्या वाचनावर आहेत.

आक्षेप पहिला: हा उतार कुठवर ताणायचा?

७०० ते ३,००० हा प्रतिगमनातला सहगुणक आहे, म्हणजे एका रेषेचा उतार. अहवाल स्वतः तो कसा वाचतो ते बघा: सरासरी गुणांच्या घराच्या तुलनेत सरासरीहून बरं चालता येणाऱ्या घराला साधारण ४,००० ते ३४,००० डॉलर जास्त मिळतात. ही तुलना सरासरीपासून एका पायरीची आहे. मी तीच रेषा ६५ गुणांपर्यंत ओढली. १७ वरून १८ वर जाणं आणि ८१ वरून ८२ वर जाणं बाजाराला सारखंच वाटतं, हे मी कशाच्या आधारावर धरलं? कशाच्याच नाही.

आक्षेप दुसरा: हे गाव त्या नमुन्यात आहे का?

शिकागो, सिएटल, सॅन फ्रान्सिस्को, डॅलस, फिनिक्स. यादीत छोटं गाव नाही. मोठ्या शहरात एक किराणा दुकान बंद पडलं तर चार गल्ल्या सोडून दुसरं असतं. छोट्या गावात सगळा भाग एका दुकानावर उभा असतो. ते गेलं की गुण घसरतात, आणि त्याहून आधी माणसांचं चालणं थांबतं. असे बाजार ओस पडत होते म्हणून तर अमेरिकेत १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या गावांत 'मेन स्ट्रीट' प्रकल्पाची चाचणी झाली आणि १९८० मध्ये तो देशभर नेला गेला. म्हणजे छोट्या गावाच्या डाउनटाउनमध्ये घर घेताना तुम्ही त्या बाजाराच्या भवितव्यावरही पैसे लावता. एका वेळच्या गुणांत हे भवितव्य दिसत नाही.

आक्षेप तिसरा: मोजलं काय?

वॉक स्कोअर २००७ मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या पद्धतीत अंतर सरळ रेषेत मोजलं जाई. मध्ये नदी असो की रेल्वेचे रूळ, गुण तेवढेच. पुढे चालण्याच्या रस्त्याने अंतर मोजणं आलं, चौकांची दाटी वगैरे धरली जाऊ लागली. पण फुटपाथ आहे का, दिवे आहेत का, हे गुण पाहून कळत नाही.

नगररचनाकार जेफ स्पेक यांनी 'वॉकेबल सिटी' या २०१२ च्या पुस्तकात चालण्यासाठी चार अटी सांगितल्या आहेत: चालणं उपयोगाचं, सुरक्षित, सुखद आणि रंजक असायला हवं. चारही एकत्र. वॉक स्कोअर मुख्यतः पहिली अट मोजतो. छोट्या गावांत मुख्य रस्ता पुष्कळदा राज्य महामार्गच असतो, आणि त्यावरून अवजड ट्रक जातात. दुकान २०० मीटरवर असलं तरी मध्ये तो रस्ता असेल तर लहान मुलाला घेऊन कोण ओलांडणार?

शिवाय, आकडा कुठे छापलेला आहे हेही बघा. ही सेवा २०१४ पासून रेडफिन या घरविक्रीतल्या कंपनीकडे आहे. यामुळे गुण खोटे ठरत नाहीत. पण ते घर विकताना दाखवले जातात, हे डोक्यात असावं.

सगळ्यात मोठी चूक

आता माझी खरी चूक. दादाने विचारलं होतं, "वसूल होतील का?" अहवाल सांगतो, "खरेदीदारांनी आजवर किती जास्त मोजले." हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चालता येण्याची किंमत घराच्या भावात आधीच मिसळलेली असेल, तर ४० हजार जास्त देऊन दादा ती सोय विकत घेतोय. त्यात नफा कुठे आला? भाव पुढे आणखी वाढला तरच नफा, आणि त्याबद्दल अहवालातला हा आकडा काहीच बोलत नाही. मी किमतीला परतावा समजले. गंमत म्हणजे ही चूक सांख्यिकीची नाहीच. प्रश्न नीट न वाचण्याची आहे.

मग दादाने काय केलं?

मी त्याला एवढंच म्हटलं, "आकडे बाजूला ठेव. फेब्रुवारीतल्या एखाद्या संध्याकाळी वहिनी आणि बाळाला घेऊन तिथे चालून ये." ते गेले. 'किराणा' म्हणून धरलेलं एक ठिकाण पेट्रोल पंपावरचं चिप्स-कोल्ड्रिंकचं दुकान निघालं. रूळ दोन गल्ल्यांवर, आणि फाटकाजवळ गाडी भोंगा वाजवतच जाते. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ घरमालकाने काढायचा, हेही कळलं. घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे रंगात शिसं असण्याची शक्यता. बाळ रांगतंय म्हटल्यावर ती तपासणी करून घेणं भागच होतं.

तरी त्यांनी तेच घर घेतलं. कारण वहिनीने सांगितलं. तिला गाडी चालवता येत नाही. आणि मावशी-काका सहा महिने येतात तेव्हा दादा ऑफिसला गेला की खिडकीतून रस्ता बघत बसतात. मागच्या वेळी काका म्हणाले होते, "अरे, इथे आम्ही पाहुणे नाही, कैदी आहोत." वाचनालयापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येणं ही या घरातल्या तीन माणसांची गरज होती. खरेदीदारांच्या सरासरीत ती दिसणार नाही. आणि ४० हजार वसूल होणार नाहीत, असं धरूनच त्यांनी सही केली.

तुमच्या साहित्य-आढाव्यातला कुठलाही एक निबंध घ्या आणि त्याला हे चार प्रश्न विचारा. आकडा कोणत्या पल्ल्यात खरा आहे? माझं उदाहरण त्या नमुन्यात बसतं का? नाव एक आणि मोजलंय दुसरंच, असं झालंय का? आणि मी विचारलेला प्रश्न व अभ्यासाने सोडवलेला प्रश्न एकच आहे का? चौथा प्रश्न मी शेवटी लिहिला असला तरी विचारताना तो आधी विचारा. मी तसं केलं असतं तर सकाळचा तो फोन वाचला असता.