तबकडीची चालना आणि श्रुतीचा प्रश्न

माणदेशी बोलीतील हेलांचा विचार करीत असता प्रस्तुत लेखकाच्या हातून काही वर्षांपूर्वी एक चूक घडली, व तिचा उलगडा करताना टर्नटेबलच्या चालनापद्धतींकडे वळावे लागले. म्हसवड येथील एका घरगुती संग्रहातील ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तमाशातील बतावणीचा एक तुकडा होता. त्यात ठिकठिकाणी स्वर किंचित चढून उतरतो असे आढळले. हा हेल माणदेशीचे लक्षण होय, असे टिपण लिहून ते एका चर्चासत्रात वाचलेही. पुढे ध्यानात आले की हा चढउतार दर ०.७७ सेकंदाने होत आहे. बोलणारा सावकाश बोलो की घाईने, त्यात फरक पडत नाही. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्यास नेमका तेवढाच काळ लागतो. टिपण अर्थातच मागे घ्यावे लागले.

तबकडी फिरविण्याच्या चार पद्धती आजवर रूढ झाल्या. पहिली चावीची. कमानीत साठविलेली शक्ती गव्हर्नरच्या द्वारे हळूहळू सोडणारी ही पद्धती वीज नसलेल्या गावी दीर्घकाळ टिकली. कमान उतरू लागली की गाणेही खाली उतरे, हे आमच्या आजोबांच्या फोनोवर आम्ही मुले मोठ्या आनंदाने अनुभवीत असू. दुसरी रबरी चाकाची. यात मोटारीच्या दांड्यावर टेकलेले चाक थाळीच्या कडेस आतून घासून तिला फिरविते. स्विंडन येथील गॅरार्ड कंपनीचे १९५४ सालचे ३०१ हे यंत्र या पद्धतीचा आदर्श मानतात. तिसरी पट्ट्याची. एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत जे टर्नटेबल बाजारात आणले, त्याने ती लोकप्रिय केली. चौथीत मोटारीचा अक्ष हाच थाळीचा अक्ष असतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीचे टेक्निक्स एसपी-१० हे १९७० च्या सुमाराचे यंत्र तिचे पहिले प्रसिद्ध उदाहरण होय. थोरेन्स टीडी १२४ (१९५७) मध्ये पट्टा व रबरी चाक या दोहोंचा संयोग केला होता, तो अपवाद समजावा.

रसिकांच्या वर्तुळात यांविषयी जी मते प्रचलित आहेत, ती बहुधा विशेषणांच्या रूपाने येतात. पट्ट्याचे यंत्र ‘मधुर’, रबरी चाकाचे ‘जोमदार’, थेट चालनेचे ‘कोरडे’. समीक्षेत अशा विशेषणांना स्थान असले तरी येथे ती पुरेशी नाहीत. आमच्या मते खरी कसोटी निराळी आहे आणि ती आपल्याच प्रदेशात सापडते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्यासह चाललेल्या त्यांच्या या उद्योगास पुढे मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य होते. प्रमाणश्रुती म्हणजे ८१ : ८० हे अंतर. शंभर सेंटांचा एक अर्धस्वर मानल्यास ते सुमारे साडेएकवीस सेंट भरते, आणि वेगाच्या भाषेत सव्वा टक्का. म्हणजे तबकडीचा वेग सव्वा टक्क्याने बदलला की स्वर एका श्रुतीने सरकतो.

मात्र येथे एक भेद केलाच पाहिजे. वेग एकसारखा कमी असेल तर षड्जासह सर्वच स्वर सारखे खाली येतात, परस्परांतील अंतर बिघडत नाही. गायकाची पट्टी चुकीची कळते, श्रुती मात्र शाबूत राहते. भाषाभ्यासकास हाही दोष लहान नव्हे, कारण त्यामुळे स्वरांची अनुनादस्थानेही सरकतात. परंतु वेग डोलू लागला तर श्रुतीच नष्ट होते. पहिल्या दोषावर वेग जुळविण्याचा खटका हा उपाय आहे, दुसऱ्यावर ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही नाही.

या भेदाच्या प्रकाशात पाहता पद्धतींचे तारतम्य बदलते. रबरी चाकाच्या यंत्राची ताकद मोठी, त्यामुळे जड सुईच्या ओढीने ते अडखळत नाही. शिवाय त्यात ७८ चा वेग असतो. पण मोटारीची घरघर चाकातून थाळीपर्यंत पोचते, आणि दांड्याला टेकवून ठेवलेल्या चाकास खळगा पडला की तो ठोका प्रत्येक वळणाला ऐकू येतो. पट्टा ही घरघर गिळतो. परंतु माणातल्या उन्हाळ्यात रबर ताणते व कडक होते. पट्ट्याच्या अनेक यंत्रांतील मोटार विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते, हेही विसरू नये. १९९० च्या दशकात आपल्याकडे वारंवारता ४९ हर्ट्‌झच्या खाली जाण्याचे प्रसंग येत. ५० ऐवजी ४९ म्हणजे दोन टक्के मंद, सुमारे पस्तीस सेंट उतार. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके २ मध्ये क्वार्ट्‌झ स्फटिकावरून वेग ठरत असल्याने विजेच्या या लहरीपणाचा त्यावर परिणाम होत नाही. वेग आठ टक्क्यांपर्यंत वरखाली करण्याची सोयही त्यात आहे, फक्त ७८ चा वेग नाही. म्हसवडसारख्या ठिकाणी दीर्घ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी आम्ही तेच पसंत करू. त्याच्या आवाजास कोरडे म्हणणाऱ्यांनी, आपण स्थिर स्वरालाच कोरडे म्हणत नाही ना, हे एकदा तपासून पाहावे.

स्वरदोलनाचे छापील आकडेही जपून वाचावेत. मोजमापात कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार दिलेला असतो आणि तो सेकंदास चार हेलकाव्यांच्या आसपास सर्वाधिक असतो. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीचा फेरा १.८ सेकंदांचा, इतके मंद डोलणे त्या आकड्यात हलके मोजले जाते. तानांच्या भरात ते लपतेही. पण किराणा घराण्याच्या गायकीत, जेथे एकेक स्वर दीर्घकाळ लावून धरला जातो, तेथे ते लपत नाही.

आता वर सांगितलेल्या चुकीकडे परत येऊ. प्रथम आम्ही सारा दोष रबरी चाकाच्या यंत्रास दिला होता. नंतर तबकडी थाळीवर अर्धा फेरा वळवून पुन्हा ऐकली. दोष थाळीचा असता तर चढउतार बतावणीतील निराळ्या शब्दांवर गेला असता. तो त्याच शब्दांवर राहिला. तबकडीचे भोक झिजून मोठे झाले होते. शंभर मिलिमीटर त्रिज्येवर एका मिलिमीटरचे केंद्रच्युतत्व असले की वेग एक टक्क्याने वर व तितकाच खाली जातो, म्हणजे दोन्ही बाजूंस सतरा सेंट. आतल्या रेघांवर त्याहून अधिक. पट्टा, चाक वा स्फटिक, कोणाचाही यावर इलाज चालत नाही. तबकडी बोटाने हळूहळू सरकवून सुईची भुजा डोलेनाशी होईपर्यंत मध्यावर आणली. त्यानंतर त्या बतावणीत उरला तो एकच हेल, प्रश्नार्थक वाक्याच्या शेवटचा, आणि त्याची नोंद आता नव्याने करीत आहोत.