पेजेची कुळकथा

नाताळ जवळ आला की पाककृतींच्या सदरांतून बेबिंकाची एक कथा हमखास वाचावयास मिळते. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात झग्यांना खळ करण्यासाठी अंड्यांचा पांढरा बलक लागे. उरलेल्या पिवळ्या बलकातून बिबियाना नावाच्या भगिनीने हे पक्वान्न रचले. थर सात, कारण लिस्बन आणि गोवा या दोन्ही नगरी सात टेकड्यांवरच्या! कथा गोड आहे. परंतु फिलिपिन्समध्ये तांदळाच्या केकला ‘बिबिंका’ म्हणतात, मकावमध्येही हे नाव चालते. एका भगिनीचे नाव एवढे समुद्र ओलांडून गेले असेल, हे आम्हांला पटत नाही. लोककथेने रंजन करावे. सदरलेखकाने मात्र कथा आणि इतिहास एकाच वाडग्यात कालवू नयेत.

खरा इतिहास जिच्यापाशी आहे, त्या पेजेकडे ही सदरे वळतच नाहीत. उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठात मुरवलेले तोर किंवा भाजलेला सुका बांगडा, एवढाच तिचा थाट. आजाऱ्याला तीच, बाळंतिणीला तीच, शेतातून थकून आलेल्यालाही तीच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात, पटकीच्या रोग्याला मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात, अशी नोंद केली आणि त्याचे इथले नाव दिले : कांजी. हा द्राविडी शब्द पुढे पोर्तुगीज भाषेत ‘कांजा’ झाला. आजही पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये आजारी माणसापुढे कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेल्या भाताची कांजा ठेवतात. आपल्या ताटातले सारे पोर्तुगिजांनी दिले, असे मानणाऱ्यांनी हा उलटा प्रवास ध्यानी घ्यावा.

येथे एक गोष्ट लिहिताना धर्मगुरू या नात्याने आमची लेखणी अडखळते. पण ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओर्ता हा बळाने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यातला. १५६८ साली तो वारला. १५८० साली इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याच इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानात गोव्यातील ख्रिस्ती घरांना ज्या चाली निषिद्ध ठरवल्या, त्यांत हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवणे हीदेखील होती. श्रद्धेची परीक्षा चुलीवरच्या हंडीत घेतली गेली! पाककृतींच्या एकाही सदरात आम्हांला याचा उल्लेख आढळलेला नाही. मठातली भगिनी सर्वांना आठवते, चुलीपाशी भ्यायलेली गृहिणी कोणालाच नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तापाने पडलो असता आमच्या धर्मग्रामातील एक वृद्धा झाकणाच्या टोपात पेज घेऊन आल्या. टोपाशेजारी त्यांनी कागदाची लहानशी पुडी ठेवली आणि म्हणाल्या, “फादर, मीठ घातलेलं नाही हं, वरून घ्या. आमच्यात तशीच करतात.”