वंशाचा न्याय आणि शेताचा न्याय : तंजावरच्या १८०३ च्या शिलालेखाच्या निमित्ताने

कुंभकोणमच्या पूर्वेस, कावेरीच्या काठाने मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या वाटेवर तिरुविडैमरुदूर लागते आणि त्याच्या जवळच गोविंदपुरम्. मराठी वाचकाला गोविंदपुरम् ठाऊक असते ते बोधेंद्रांच्या समाधीमुळे, दाक्षिणात्य भजनसंप्रदायात रुजलेल्या अभंगांमुळे आणि अलीकडच्या भव्य विठ्ठलमंदिरामुळे. या परिसराचा दुसरा इतिहास मात्र भक्तीचा नसून भाऊबंदकीचा आहे. तिरुविडैमरुदूर म्हणजेच मध्यार्जुन. तंजावरच्या गादीवरून उतरवलेला राजा अमरसिंह येथे येऊन राहिला. १८०२ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे मराठी चरित्र कोरले गेले. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्या चरित्राचे वाङ्मयीन रूप निराळे दिसू लागते.

हा लेख सरफोजी दुसरा याच्या आज्ञेने चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केला. त्याच्या लांबीचे कौतुक पुष्कळ झाले, त्यातील ऐतिहासिक चुकांची छाननीही झाली. परंतु राज्य हातचे गेल्यानंतर वंशाचे चरित्र दगडावर कोरून घेण्याची गरज का भासावी, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

त्याचे उत्तर १७८७ पासूनच्या वादात सापडते. त्या वर्षी तुळजाजी मरण पावला. मृत्यूपूर्वी त्याने भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेतील सरफोजीला दत्तक घेतले होते. तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह याने त्या दत्तकविधानालाच आक्षेप घेतला. मद्रासचा गव्हर्नर आर्चिबाल्ड कँपबेल याने पंडितांचे मत मागवले. मुलगा जनक पित्याचा एकुलता एक आहे, वयही उलटून गेले आहे, अशा कारणांवरून दत्तक अग्राह्य ठरले आणि अमरसिंह गादीवर बसला. एकुलता पुत्र देऊ नये, घेऊही नये, हे वसिष्ठाचे वचन पंडितांच्या हाताशी होतेच. पुढे श्वार्ट्झ या मिशनऱ्याने सरफोजीची बाजू लावून धरली, बंगाल आणि काशीकडील पंडितांची मते घेण्यात आली, आणि तेच दत्तक सशास्त्र ठरले. १७९८ मध्ये अमरसिंह पदच्युत होऊन सरफोजी राजा झाला. शास्त्र तेच, मुलगा तोच. बदलली होती ती प्रश्न विचारणाऱ्याची गरज. (पुढे १८९९ मध्ये मद्रास इलाख्यातील एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की, एकुलत्या पुत्राचे दत्तकविधान एकदा झाले म्हणजे ते निषेधवचनाने रद्द होत नाही. अमरसिंहाला राज्य देणारा युक्तिवाद असा शंभर वर्षांनी कायद्यातूनही निकालात निघाला.)

या प्रकरणातील खरा उपहास १७९९ च्या तहात आहे. सरफोजीने राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्याच्याकडे किल्ला, दरसाल एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पंचमांश एवढेच राहिले. अमरसिंहासाठी पंचवीस हजार पॅगोडांची तरतूद झाली. राज्य कोणाचे या वादाचा निकाल लागला तेव्हा वाटून घेण्यासारखे राज्यच शिल्लक नव्हते.

या पार्श्वभूमीवर शिलालेखाचा घाट बोलका ठरतो. वंशमूळापासून आरंभ करायचा, मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी असा क्रम लावत प्रस्तुत राजापर्यंत यायचे, ही रचना वरवर पाहता बखरीची आहे. पण बखर कोणाच्या तरी विचारण्यावरून लिहिली जाते. येथे विचारणारा कोणी नाही. येथे उत्तर आहे, आणि ते उत्तर ज्याला द्यायचे तो प्रतिवादी नुकताच मेलेला आहे. ज्याचा जन्म या घराण्याच्या सिंहासनावर हक्क सांगायला अपुरा ठरवला गेला होता, त्याला वंशावळीच्या शेवटच्या दुव्याच्या जागी ठेवणे हाच या लेखाचा युक्तिवाद आहे. चरित्राच्या रूपाने लिहिलेली ती एक कैफियत आहे. तिच्यात सूड नाही असे म्हणणे भोळेपणाचे होईल. सूड येथे क्रोधाच्या शब्दांत येत नाही, क्रमाच्या रूपाने येतो.

तुलनेसाठी १६७७ चा प्रसंग घ्यावा. शिवाजीने व्यंकोजीकडे पित्याच्या मिळकतीचा वाटा मागितला. भेटीनंतर व्यंकोजी रात्रीच कोळेरून नदीपार निघून गेला. सभासदाच्या बखरीत हा प्रसंग येतो तेव्हा पळून गेलेला भाऊ शत्रू ठरत नाही, वयाने आणि बुद्धीने धाकटा ठरतो. न्याय्य मागणी आणि भावाविषयीची कणव यांतील ताण सभासदाच्या गद्यात जिवंत राहतो. बाबूरावांच्या गद्याला ही मुभा नव्हती. सभासदाच्या मागे राज्य होते. बाबूरावांच्या मागे केवळ तहनामा होता.

दोन्ही गद्यांत मात्र एक उणीव समान आहे. न्याय म्हणजे ‘कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर, एवढाच त्यांचा आवाका आहे. वाटा, दत्तक, गादी यांपलीकडे कावेरीच्या खोऱ्यात राबणाऱ्या माणसाचा न्याय हा त्यांचा विषयच नाही. १८५५ मध्ये शिवाजी दुसरा निपुत्रिक वारला आणि कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दाद मागून ती मिळवली. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की ही राजसत्तेची कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. दोन पिढ्या ज्या भाषेत हक्क सिद्ध केला गेला, ती भाषाच ऐकायला कोणी उरले नाही. १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता परत मिळाली ती सरकारी औदार्य म्हणून.

आता पुन्हा मध्यार्जुनाकडे यावे. अमरसिंहाच्या पश्चात त्याच्या मुलाच्या दरबारात गवई राहिले. त्यांतील रामदास यांच्याकडे गोपालकृष्ण भारती हिंदुस्थानी संगीत शिकले. १८६१ मध्ये छापले गेलेले त्यांचे ‘नंदनार चरित्रम्’ हे तमिळ काव्य अस्पृश्य शेतमजुराच्या चिदंबरदर्शनाची कथा सांगते. पेरियपुराणातील मूळ कथेत नसलेला ब्राह्मण जमीनदार भारतींनी तिच्यात आणला. चाळीस वेलींच्या शेताचे काम पुरे कर, मग चिदंबरला जा, ही त्याची अट. मराठी कीर्तनातून साकी, दिंडी, ओवी घेऊन वाढलेल्या तमिळ हरिकथेने हे आख्यान घरोघर नेले.

येथे न्यायाची मागणी वंशाच्या नावाने होत नाही, ती राबणाऱ्याच्या रजेच्या रूपाने होते. भारतींनी तिचा निकाल दैवी चमत्कारावर सोपवला, ही त्या काव्याची मर्यादा खरीच. जमीनदाराला शासन होत नाही, पश्चात्ताप तेवढा होतो. तरीही ज्या प्रदेशावर पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे नाव होते, त्या प्रदेशातील मजुराला पिकाच्या शेतात उभा करून मालकाशी बोलायला लावणारी रचना पदच्युत शाखेच्या आश्रयाला असलेल्या गवयाच्या शिष्याकडून यावी, आणि ती मराठीत नव्हे तर तमिळमध्ये यावी, हे तंजावरच्या मराठी गद्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. नंदन आपली तक्रार घेऊन राजाकडे जात नाही. तो मालकाकडेच पुन्हा पुन्हा जातो.