संशयाला घाबरणारी रहस्यकथा

९ नोव्हेंबर १८७४. सकाळी फिरून आलेल्या कर्नल फेअर या बडोद्याच्या ब्रिटिश रेसिडेंटने नेहमीचं पपनसाचं सरबत घेतलं. दोन-तीन घोटांनंतर ते बरं लागेना म्हणून उरलेलं खिडकीबाहेर फेकलं आणि मग पेल्याच्या तळाचा गाळ त्याच्या नजरेस पडला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. संशय गेला तो थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर, आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला.

आज सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणून जे लिहिलं जातं, त्याचे बहुतेक सगळे विषय या खटल्यात आहेत. घरातलाच माणूस विष देतो का? धाकाखाली दिलेल्या जबानीत खरं किती? मुख्य साक्षीदार रेसिडेन्सीचे नोकर, रावजी हवालदार आणि नरसू जमादार. नरसूने तर मध्येच विहिरीत उडी घेतली. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात राहिले आणि मग माफीचे साक्षीदार झाले. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. ती पोलिसांनीच ठेवली असावी, असा महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांचा बचाव होता. खटला चालवणाऱ्या सहा जणांच्या आयोगात तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवलं. उरलेले तिघे, ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराजा आणि मुत्सद्दी दिनकरराव, यांना ते मान्य नव्हतं. अखेर मल्हाररावांना काढलं ते गैरकारभाराच्या कारणावरून. विष कुणी घातलं, हा प्रश्न तिथेच राहिला.

मराठी रहस्यकथेला असा प्रश्न उरलेला चालत नाही, आणि माझी तक्रार हीच आहे.

बाबुराव अर्नाळकरांच्या पिढीत गुन्हेगार पकडला जाणं हाच वाचकाशी केलेला करार होता. तिथे तक्रारीला जागा नाही. नारायण धारपांनी भीती घरात आणली, पण त्यांच्या जगात ‘समर्थ’ या पात्रासारखा रक्षक असतो आणि वाईटाचं मूळ माणसाबाहेर कुठेतरी सापडतं. स्टीफन किंगची व्हॅम्पायर-कादंबरी धारपांच्या हातून ‘लुचाई’ होऊन मराठीत सहज रुळली, ती त्यामुळेच. रत्नाकर मतकरी मला या सगळ्यांत मोठे वाटतात. ‘खेकडा’पासून पुढच्या गूढकथांत त्यांनी भुताला मध्यमवर्गीय माणसाच्या अपराधी मनाजवळ आणून बसवलं, आणि उत्तम कथांत भूत खरं की मन आजारी याचा निवाडा वाचकावर सोडला. तेवढं धाडस नंतर फार थोड्यांनी केलं.

मराठीबाहेर मात्र सायकॉलॉजिकल थ्रिलर घराच्या उंबऱ्याआतच वाढला. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या ‘गॅसलाइट’ नाटकात नवरा बायकोला तिच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवतो. २०१२ च्या ‘गॉन गर्ल’मध्ये नवरा-बायको दोघांचंही कथन संशयास्पद. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ पोचलेली कलाकृती रहस्यकथा म्हणून ओळखलीच जात नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात खेळ म्हणून भरलेला खटला बेणारेबाईंची शिकार करू लागतो. खेळ कुठे संपला हे आरोपीला कळण्याआधी प्रेक्षकाला कळतं, आणि तो काही करू शकत नाही. यापेक्षा अंगावर काटा आणणारा मानसिक थरार मराठीत मला दुसरा दिसत नाही.

आजची बरीच थरारकथा मात्र शेवटच्या प्रकरणात डॉक्टरला बोलावते. दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, लहानपणीचा धक्का, एक निदान, आणि सगळं उलगडलं. मानसिक आजार म्हणजे खुनाची पूर्वतयारी, असा समज त्यातून पसरतो. खऱ्या रुग्णांवर हा अन्याय आहेच, पण कथाही त्यामुळे पोकळ होते. डॉक्टर नसेल तर मांत्रिक. ‘वश’ हा २०२३ चा गुजराती चित्रपट पाहा. डोळ्यांदेखत आपली मुलगी परक्याच्या हुकमात जाते, ही आईबापांची असहायता त्यात जबरदस्त आहे. पण या ताब्याचं कारण वशीकरण. मंत्राशिवाय, नुसत्या शब्दांनी आणि सवयीने माणूस माणसाला कसा ताब्यात घेतो, हे दाखवणं अधिक कठीण आणि अधिक भयानक असतं.

ते दाखवायला मराठी लेखकाला परदेशी नमुना लागत नाही. मल्हाररावांच्या खटल्यातल्या जबान्या आणि उलटतपासण्या छापलेल्या आहेत. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या वाड्यांतून वाढलेलं मराठी आहे, १९१० पासूनचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. महाराजांची बाजू घेणारं किंवा खोडणारं लेखन पुष्कळ झालं. नरसूच्या तोंडून, तो खरं सांगतो आहे की शिकवलेलं, हे त्याचं त्यालाही नक्की माहीत नाही अशा आवाजात लिहिलेली कादंबरी मला वाचायची आहे, आणि तिच्या शेवटी सोमल कुणी घातला हे लेखकाने सांगू नये.