93 टक्के, पण कोणाचे?

दहावीच्या निकालाचं पत्रक ही आपल्याकडे सर्वांत उत्सुकतेनं वाचली जाणारी सरकारी वाङ्मयकृती. हसू नका, खरंच आहे. आज आम्ही तिच्यातल्या एकाच परिच्छेदाची समीक्षा करणार आहोत. तो परिच्छेद दिव्यांग विद्यार्थ्यांचा.

2024 चं पत्रक घ्या. राज्यात 9,078 दिव्यांग विद्यार्थी परीक्षेला बसले, 8,465 उत्तीर्ण झाले, म्हणजे 93.25 टक्के. नियमित विद्यार्थ्यांचा निकाल 95.81 टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, दरी बुजलीच की! लेखनिक, जादा वेळ, विषयांतली सवलत या सोयींचा उपयोग झाला, हे खरंच. मुलांनी आणि शिक्षकांनी उपसलेले कष्टही खरे. आमचा आक्षेप त्यांच्यावर नाही. भागाकारात खाली जो आकडा घेतलाय, त्याच्यावर आहे.

खाली कोण धरलेत? फक्त परीक्षेला बसलेले. नियमित परीक्षार्थी होते 15,49,326. त्यांच्याशी तुलना केली, तर दिव्यांग परीक्षार्थी हजारी सहासुद्धा भरत नाहीत. उलट 2011 च्या जनगणनेत देशातल्या 10 ते 19 वयोगटात 46 लाखांवर दिव्यांग मुलं नोंदली गेली, म्हणजे हजारी सुमारे अठरा. ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. एक आकडा देशाचा, दुसरा राज्याचा. शिवाय काही मुलं दिव्यांगत्वाचा दाखला न काढता सर्वसाधारण यादीतच बसतात. पण सहा आणि अठरा यांतलं सगळं अंतर तेवढ्यानं भरून निघेल, असं आम्हाला वाटत नाही. बाकीची मुलं दहावीच्या आधीच कुठेतरी गळाली असणार. आणि गळालेला मुलगा नापास होत नाही! तो आकडेवारीतूनच नाहीसा होतो.

अमेरिकेत हा हिशेब वेगळा होतो. नववीत आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत किती जण शाळा पूर्ण करून बाहेर पडले, ते मोजतात. 2018-19 मध्ये तिथे एकूण प्रमाण 86 टक्के होतं, दिव्यांगांचं 68. आकडा लाजिरवाणा आहे, पण निदान दिसतो तरी. आपला 93 चा आकडा देखणा आहे आणि नेमकं तेच झाकतो.

यावर कोणी म्हणेल, शाळा सोडणं हा घरचा प्रश्न. नाही हो. शिक्षणहक्क कायदा 14 वर्षांपर्यंत थांबतो. पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. म्हणजे नववी-दहावीही त्यात आली. तिथली गळती ही शासनाच्या जबाबदारीतली गळती आहे.

आपल्या सदाशिव पेठेतच पाहा ना. गल्लोगल्ली अभ्यासिका, आणि त्यांतल्या कितीतरी अरुंद जिन्यांवरच्या. चाकाच्या खुर्चीतली मुलगी तिथे दिसत नाही. मग आपण धरून चालतो की अशी मुलगी पेठेत नाहीच. पत्रकाचं तर्कशास्त्र याहून निराळं नाही.

उपाय अवघड नाही. यूडायस प्लसमध्ये 2022-23 पासून विद्यार्थीनिहाय नोंद होते. तेव्हा पत्रकात एकच ओळ वाढवा: तीन वर्षांपूर्वी सातवीच्या पटावर किती दिव्यांग मुलं होती आणि त्यांतली किती दहावीला बसली. ती ओळ छापून आली, की मग 93 टक्क्यांचे पेढे आम्हीही आनंदानं खाऊ.