आडनाव विचारणारी संकेतस्थळं

मंडळी, बऱ्याच संकेतस्थळांच्या तळाशी एक ओळ तुम्ही वाचली असेल: 'अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल.' आज टीका करायची आहे ती या ओळीवर. दिसायला साधी आहे, पण तिच्यामागे एक वाईट सवय आहे.

तुम्ही पान उघडता तेव्हा ब्राउझर सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो: नाव, आवृत्ती, कुठल्या यंत्रावर चालतोय. या मजकुराला 'यूजर एजंट' म्हणतात. आता सवय अशी लागली, की नाव बघायचं आणि त्यावरून आत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. आपल्याकडे आडनाव विचारून माणसाची लायकी ठरवतात ना, तसंच! तुला येतं काय, हे कुणी विचारतच नाही.

मग काय झालं? सगळे खोटं बोलायला लागले. १९९४ साली नेटस्केप आला, त्याची ओळख 'मोझिला'. काही संकेतस्थळं चांगली पानं मोझिलालाच देऊ लागली. १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर आला आणि लवकरच तोही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. आज क्रोमची ओळखसुद्धा 'मोझिला'नंच सुरू होते, आणि पुढे 'सफारी'चंही नाव येतं. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली. काही संकेतस्थळं आकड्यातला पहिलाच अंक वाचायची. दहा म्हणजे एक! शेवटी ऑपेराला ओळखीत '९.८०' लिहावं लागलं. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोचले, तेव्हाही हीच धास्ती होती.

शहरात माणूस दुसरा ब्राउझर उघडतो, विषय संपतो. पण आपल्या उंबरमाळीत एखाद्याकडे जिओफोन असेल तर? २०१७ चा हा फोन कायओएसवर चालतो. 'अँड्रॉइड की आयफोन?' एवढंच विचारणाऱ्या संकेतस्थळाच्या हिशेबात तो बसतच नाही. मग सातबाऱ्यासाठी लोकल पकडून आसनगाव, तिथून शहापूर. दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

आता, एखाद्या ब्राउझरमध्ये खरोखर दोष असतो, तेव्हा त्याचं नाव बघावं लागतं. हे मान्य. पण तो अपवाद झाला. एरवी ब्राउझरला थेट विचारता येतं: ही गोष्ट तुला जमते का? जमत नसेल तर साधं पान द्या, पण माणसाला दारातून परत पाठवू नका. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. पान वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासावं, हे त्यांतही आहे.

म्हणून ग्रामपंचायत असो की शाळा, संकेतस्थळ करून घेताना पैसे देण्याआधी एक अट घाला: गावातल्या सगळ्यांत स्वस्त फोनवर ते उघडून दाखवा.